डाव्या पंखाखालचा गोळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

डावा पंख — तीन तुकडे. उजवा शाबूत. नाक चेपलेलं. शेपटी आहे, पण तिची पट्टी हलत नाही, दगड झालीय. वाळवी मात्र लागलेली नाही, तेवढं नशीब!

वाळवीच्या औषधवाल्याने कपाट रिकामं करायला लावलं म्हणून हे बाहेर आलं. एरवी माझी कुठली हिंमत! अठ्ठेचाळीस वर्षं बुटाच्या खोक्यात पडून आहे. चार घरं बदलली, खोकं दर वेळी मीच उचललं आणि दर वेळी न उघडता वर टाकलं. आज उघडलं. बाबांच्या हातरुमालात गुंडाळलेलं होतं. त्यांनी मैदानावर तुकडे गोळा केले होते तसंच्या तसं.

बाबांनी केलेलं रॉकेट-विमान हे. बुडात दारू भरलेली पुठ्ठ्याची नळी. बटण दाबलं की सुईऽऽ करून बाणासारखं वर. वर जाऊन नळी विझते, आणि मग विमान घारीसारखं तरंगत खाली येतं. म्हणजे यायला हवं होतं. शाळेच्या स्पर्धेत बटण मी दाबलं. वर छान गेलं. मग नाक खाली केलं आणि सगळ्या शाळेसमोर सिमेंटवर आदळलं!

त्या सकाळी मी एक गोष्ट केली होती. आजवर कोणाला सांगितली नाही, वहीला सांगते. डाव्या पंखाच्या टोकाखाली मातीचा एक गोळा चिकटवलेला होता, मुलं खेळतात तसल्या तेलकट मातीचा. वाटाण्याएवढा. मला तो घाण दिसायचा. मी नखाने खरवडून काढला आणि फ्रॉकला पुसला. पुढे तासाभरात विमान सिमेंटवर.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी विमान केलं नाही. खिडकीजवळचं त्यांचं टेबल पुसून कोरं केलं, पाती-बिती, कानशी सगळं गायब. लेथवर दिवसभर राबून आलेल्या माणसाला तेवढी एकच हौस होती. ती माझ्या नखाने गेली?

बाबांना आता विचारता येणार नाही, पण मला हे कळायलाच हवं. एकोणसाठ वर्षांची झाले, आता तरी!

४ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. दुरुस्त करायचं, आणि गोळ्याशिवाय उडवून बघायचं. आदळलं तर मी दोषी. तरंगलं तर दुसरं काहीतरी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सातला ताईचा फोन. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी उचलल्याबरोबर "हं, बोला" असंच म्हणते, फोन स्वतः केलेला असला तरी! विमान काढलंय म्हटलं. गोळ्याचं काही बोलले नाही.

"तू दुरुस्त करणार? कवळ्या करणारी बाई?"

"का, हात तेच आहेत ना?"

"कर बाई. दात बसव त्याला, म्हणजे चावेल तरी."

हिला चौसष्टाव्या वर्षीही तोंड आवरत नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्याइतकं यासाठी योग्य माणूस गावात नसेल. तीस वर्षं मी मेण, प्लॅस्टर आणि केसाएवढ्या फटींशी खेळतेय. डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यावरून म्हातारा डाव्या बाजूने चावतो की उजव्या, हे मी न बघता सांगते. लाकडाचा पंख म्हणजे काय मोठं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठं आहे. बाल्सा लाकूड इतकं हलकं की शिंकले तर तुकडा टेबलाखाली. दोन वेळा शोधला. गुडघे कामातून गेले.

काचेवर मेणकागद, त्यावर तुकडे, टाचण्या, डिंकाचा थेंब सुईच्या टोकाने. जादा डिंक म्हणजे जादा वजन. बाबा म्हणायचे, "लागेल तेवढा लाव, आणि मग त्यातला निम्मा पूस." हे वाक्य मी लॅबमध्ये नव्या पोरींना रोज ऐकवते. आज कळलं, ते माझं नाहीच!

८ फेब्रुवारी, रविवार

पाण्याच्या टाकीपलीकडच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी हौशी लोक विमानं उडवतात असं ऐकलं होतं. गेले. पाच-सहा जण, सगळ्यांच्या माना वर. त्यांचा म्होरक्या निवृत्त वायरमन आहे, सगळे त्याला फ्यूज म्हणतात. पटकन उडतो म्हणून. माझ्यासमोर दोनदा उडाला.

पण विमान बघितलं आणि टोपी काढली!

"बाई, हे केलं कुणी?"

"वडिलांनी."

"शिकलेले होते?"

"लेथवर होते."

"मग बरोबर. हे कागदावर शिकलेल्याचं काम नाही."

मला उगाचच रडू आलं. मी ऊन लागतंय असं म्हणाले.

मग त्याने शेपटीची पट्टी समजावली. वर जाताना ही पट्टी दोऱ्याने सपाट बांधलेली असते. वर पोचल्यावर नळी एक उलटा फुत्कार टाकते, त्याने दोरा जळतो, रबर पट्टीला वर ओढतं. पट्टी उचलली की नाक वर येतं आणि विमान तरंगायला लागतं. "पट्टी नाही उचलली, तर संपलं. सरळ खाली." आणि मग बजावलं, आधी हाताने फेकून बघायचं, नळी-बिळी नंतर. त्याच्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. कबूल केलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या पंखाखाली डाग सापडला! भिंग लावून. गोल, तेलकट, नऊ मिलीमीटर. मातीतलं तेल लाकडात मुरलंय. शेजारी चार बारीक ओरखडे. माझी नखं.

भिंग ठेवून दिलं. आज काम केलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं! कळलं!!

पट्टी हलत का नाही म्हणून शेपटी भिंगाखाली घेतली. पट्टी जोडायला बाबांनी बिजागरी केली होती कापडाची. शर्टाच्या अस्तराची असावी. कापड मऊ हवं. हे कडक पापुद्रा! का? तर त्यात लाल रंग मुरलेला. आणि लाल रंग कशाचा? शेपटीवरच्या आकड्याचा. स्पर्धेत माझा नंबर ७. बाबांनी आदल्या संध्याकाळी तो ब्रशने रंगवला होता. मी जवळ उभी राहून "अजून मोठा काढा, अजून मोठा" करत होते. सातची दांडी खाली येता येता बिजागरीवर गेली. रंग फटीत शिरला आणि वाळला.

असं आमच्या लॅबमध्ये महिन्यातून एकदा होतं. गुलाबी मसाला नको त्या फटीत शिरतो आणि मग कवळी बसत नाही. पेशंट म्हणतो डॉक्टर वाईट, डॉक्टर म्हणतात माप वाईट. दोष असतो एका टिपक्याचा.

म्हणजे दोरा जळला असेल. रबराने ओढलंही असेल. पण पट्टी उचललीच नाही.

थांब. उड्या मारू नकोस. कदाचित दोन्ही असेल, रंगही आणि गोळाही. बिजागरी नवी घालायची, गोळा नाही लावायचा, आणि मग उडवायचं. तेव्हाच खरं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी बिजागरी. माझ्या जुन्या ओढणीची. फुंकर मारली तरी हलते.

१५ फेब्रुवारी, रविवार

हाताने अकरा वेळा फेकलं. पहिली चार गवतात तोंडघशी. नाकात वजनासाठी भरलेलं शिसं चिमूटभर कमी केलं तेव्हा सरळ जायला लागलं. फ्यूज प्रत्येक वेळी "हं" म्हणायचा. नवव्या वेळी "हांऽ" म्हणाला.

मग नळी. मग जमिनीत रोवलेल्या उडवायच्या दांडीवर चढवलं. तारा जोडल्या. सगळ्यांना पाच-पाच पावलं मागे हाकललं. मी बटणाची पेटी हातात घेतली. अकरा वर्षांचीच मी, दुसरं काही नाही.  

"तीन, दोन, एक —"

सुईऽऽऽ! गेलं! मान दुखेपर्यंत वर गेलं. वर एक पांढरा ठिपका, फुस्स, आणि एक क्षण काहीच नाही. मी डोळे मिटले. खरंच मिटले, लाज वाटते लिहायला. फ्यूज ओरडला, "अहो बाई, बघा तरी!"

तरंगत होतं. ऊन पंखातून आरपार दिसत होतं. सरळ, संथ, कोणाची घाई नसल्यासारखं. गोळ्याशिवाय! गोळ्याशिवाय!!

इतकं सरळ गेलं की मैदान संपलं, भिंत संपली, पलीकडच्या गोदामाच्या पत्र्यावर जाऊन बसलं. गोदामाच्या रखवालदाराने शिडी द्यायला एक तास घेतला. शिडीवर चढायला फ्यूजला बंदी आहे, बायकोची. मग मीच चढले. रखवालदार खालून म्हणतो, "मावशी, तुमचं वय काय!" म्हटलं, "अकरा."

१५ — संध्याकाळी

माझी चूक नव्हती.

लिहून बघितलं. अजून एकदा लिहिते. माझी चूक नव्हती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून भयंकर चिडले आहे. बाबांवर! चूक रंगाची, रंग तुमचा. तुम्ही लेथवरचे, हजाराव्या भागाचं माप धरणारे. शेपटी हातात घेतल्याबरोबर तुम्हाला कळलं असणार. मग बोलला का नाहीत? मला जवळ घेऊन एकदा म्हणायचं, "पोरी, रंग मुरला गं." संपलं असतं! ते नाही. टेबल पुसलं, कानाला खडा लावला आणि बसले मूग गिळून. मुलगी अठ्ठेचाळीस वर्षं खोकं वाहतेय त्याचं काय?

लॅबमध्ये एका कवळीचा सुळा उलटा बसवला. पहिल्यांदाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. गोळा, नख, फ्रॉक, रंग, गोदाम. तोंडाने पहिल्यांदाच सांगितलं. 

"एवढंच?" म्हणाली.

"एवढंच काय! मी आयुष्यभर —"

"अगं वेडे, गोळा नव्हता हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर. तू दांडीवर चढवायला आणलंस तेव्हा पंखाखाली कोरं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"स्पर्धा होती ना तुझी. म्हटलं, हिला लांब जायला हवं असेल."

लांब जायला? म्हणजे काय? विचारणार तोवर तिच्या दाराची घंटा वाजली आणि हिने ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लांब जायला. डोक्यात तेच. मग गोळा होताच कशाला? बाबा उगाच काही लावणारे नव्हेत. "लागेल तेवढा लाव आणि निम्मा पूस"वाला माणूस!

डागाचं माप धरून लॅबच्या काट्यावर माती तोलली. नऊशे मिलीग्रॅम. चिकटवली. आमच्या इमारतीची गच्ची ऐसपैस आहे, वारा पडल्यावर तिथे जाऊन फेकलं. डावीकडे वळलं, वळतच राहिलं, पूर्ण फेरी घेतली आणि माझ्याच कमरेवर येऊन आदळलं! पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. सात वेळा फेकलं, पाच वेळा हाताच्या अंतरात.

फ्यूजला फोन केला. म्हणाला, "थोडं वळवतात सगळेच, हरवू नये म्हणून. पण इतकं घट्ट कोणी वळवत नाही बाई, उंची लवकर जाते. स्पर्धेत मार खाल. असं कोण करेल?"

फोन ठेवला आणि मला कळलं कोण करेल.

ज्याच्या मुलीला पळता येत नाही, तो करेल.

ताईच्या उजव्या पायाला सळया होत्या, पट्टे होते. मैदानावर ती खुर्चीवर बसायची आणि खुर्ची बाबा खांद्यावर घेऊन जायचे. विमान तिच्याकडे परत यावं म्हणून तो गोळा! ते माझं विमान नव्हतंच. मी हट्ट करून स्पर्धेला नेलं, आणि जाताना तिच्यासाठी केलेली तेवढी एक गोष्ट मला घाण दिसते म्हणून फ्रॉकला पुसली. समोर बसून तिने ते बघितलं. आणि बोलली नाही.

शाब्बास. एक चूक पुसली आणि तिच्या जागी ही बसली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ताईच्या घरी गेले. फोनवर बोलण्यातलं नव्हतं. दारातच म्हटलं, "ते तुझं होतं."

"हो. मग?"

"मग मला दिलंस कशाला?"

"तू मागितलंस म्हणून. रडून-ओरडून घर डोक्यावर घेतलं होतंस. शिवाय म्हटलं, घरात एखादं पदक येईल. कसलं डोंबल!" आणि हसायला लागली. तिला हसताना बघून मला जास्तच वाईट वाटलं, आणि ते तिला कळलं. म्हणाली, "नाक पूस आधी. उद्या किती वाजता?"

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईला मैदानापर्यंत रिक्षाने नेलं. फ्यूजने घरून हाताची खुर्ची आणली होती, तिला "ताईसाहेब" म्हणायला लागला. ताई म्हणाली, "साहेब नको, नुसती ताई बरी. आणि ती दांडी इतकी सरळ का ठेवलीय?"

फ्यूज उडालाच. "दांडी सरळच ठेवतात!"

"वारा डावीकडून आहे. दोन बोटं वाऱ्याकडे कलवा, नाही तर फेरी वाऱ्यावर फाटेल." मग गवताचं पातं तोडून हवेत सोडलं, पडताना बघितलं. "तीन बोटं."

फ्यूजने मुकाट्याने तीन बोटं कलवली. मी तोंड उघडं टाकून बघत होते.

बटण ताईने दाबलं. गेलं. फुस्स. पट्टी उचलली, नाक वर आलं, पंख वळला. एक फेरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक फेरी खाली आणि जवळ. मी धावायच्या तयारीत. ताई हलली नाही. शेवटच्या फेरीला तिने मान न वळवता नुसता डावा हात वर केला, आणि विमान पोटाखालून अलगद धरलं. पंखाला बोट न लावता. भाजीवाल्याकडून पिशवी घ्यावी तसं!

मैदानावर टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. मी विचार करत होते. असा हात एका दिवसात येत नाही. दहा वेळात नाही. मी तीस वर्षं हातांची माणसं बघतेय, सराव मला ओळखता येतो. जे विमान स्पर्धेआधी फार तर सहा-सात रविवार उडालं असेल, त्यावर हा हात बसणं शक्य नाही.

"ताई, हे कुठे शिकलीस?"

तिने विमान मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्याच्यावरची धूळ झटकत बसली. "उद्या सांगते," म्हणाली. "आज मला नुसतं बघू दे."

२३ फेब्रुवारी, सोमवार

ताईचा फोन. सकाळीच. "हं, बोला" नाही म्हणाली.

बाबा थांबलेच नव्हते.

स्पर्धेहून घरी आल्यावर मी म्हणे त्यांचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, पुन्हा माझ्यासमोर विमान करायचं नाही. मला यातलं अक्षरही आठवत नाही! बाबांनी पाळली. माझ्यासमोर नाही केलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत करायचे, आणि दर रविवारी सकाळी ताईला घेऊन मैदानावर. नऊ वर्षं. एकोणीस विमानं.

"आणि मी कुठे असायचे?"

"पोहायला. तुला काय वाटलं, तुला पोहायला कशाला घातलं होतं?"

"मला सांगायचं तरी!"

"शपथ तुझ्या डोक्यावरची. ते कसे सांगतील? तू 'सुटली' म्हणायची वाट बघायचे. दर रविवारी घरी येताना मला विचारायचे, आज काही बोलली का गं ती? शेवटचं विमान तुझंच आहे. माझ्या माळ्यावर. एकदाही उडवू दिलं नाही मला."

 ताईने या वेळी फोन ठेवला नव्हता.

मी हात डोक्यावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "सुटली, बाबा. सुटली."